कोकणातल्या जुन्या घराची वीज: आधी अर्थिंग, मग बाकीचे सारे

गावच्या जुन्या घरात विजेचे काम काढायचे ठरले की यादी बहुधा हौसेच्या वस्तूंपासून सुरू होते. एका खोलीत एसी, न्हाणीघरात गीझर, ओटीवर नवे पंखे आणि पैसे उरले तर इन्व्हर्टर. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की ही यादी खालून वर वाचावी. ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो ते अर्थिंग आणि ज्याचे नावही पुष्कळ घरांत ठाऊक नसते तो आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, या दोहोंवर पहिला खर्च व्हावा. दुसरा खर्च वायरिंगवर आणि बोर्डांवर करावा. नवी उपकरणे त्यानंतर आणावीत.

या क्रमाचे कारण आपल्या पायाखालच्या जमिनीत आहे. एखाद्या उपकरणात वायरचे आवरण झिजून फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी जिवंत तार, त्याच्या धातूच्या अंगाला टेकला, की ती वीज अर्थच्या तारेतून जमिनीत जावी, प्रवाह एकदम वाढावा आणि फ्यूज वितळावा किंवा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडावा, अशी अर्थिंगमागची कल्पना आहे. ओल धरणाऱ्या खोल मातीत हे बऱ्यापैकी साधते. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वस्तीत मात्र हातभर मातीखाली जांभ्याचा कातळ लागतो आणि तिथे एका साध्या अर्थिंगचा रोध ५० ओहम किंवा त्याहूनही जास्त भरू शकतो. आता हिशेब करून पाहावा. २३० व्होल्टांना ५० ओहमने भागले की प्रवाह येतो ४.६ अँपिअर. इतक्या प्रवाहाने १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि ६ अँपिअरचाही पडणार नाही. धुलाई यंत्राच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यावर दोनशे व्होल्टांच्या आसपास दाब तसाच उभा राहील, आणि पावसाळ्यात घाम फुटलेल्या लाद्यांवर किंवा सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात त्याला लागेल. घरात नवे कोरे एमसीबी बसवलेले असूनही हा धोका तसाच राहतो.

आरसीसीबीचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तेवढाच परत आला की नाही, हे तो सतत पाहत असतो, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पुरवठा तोडतो. त्यामुळे अर्थिंगचा रोध अगदी ५०० ओहम असला, तरी उपकरणाच्या अंगावरचा दाब १५ व्होल्टांच्या पुढे टिकू शकत नाही. मग अर्थिंगची गरजच काय, असे कोणी विचारील. अर्थची तार नसेल तर गळती वाहून जायला वाटच नसते, आणि ती वाट माणसाच्या अंगातून तयार झाली की मगच आरसीसीबी पडतो. झटका आधी बसतो, वीज नंतर जाते. म्हणून या दोन गोष्टी एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत.

घराची पाहणी

पाहणीसाठी मे महिना उत्तम. माळ्यावर चढता येते, भिंती कोरड्या असतात आणि जमीन सर्वांत कोरडी असल्यामुळे अर्थिंगची खरी कसोटी त्याच महिन्यात लागते. जुलैत मोजलेले अर्थिंग चांगले निघाले म्हणून समाधान मानू नये. वायरिंगच्या आवरणाचे मात्र उलट आहे. मेमध्ये उत्तीर्ण होणारी वायर भर पावसात ओल धरून नापास होते. शक्य असेल तर अर्थिंग उन्हाळ्यात आणि वायरिंग पावसाळ्यात तपासून घ्यावे.

घरमालकाने स्वतः करायचे ते पाहणे, हुंगणे आणि टिपून ठेवणे एवढेच. मेन स्विच बंद केला तरी मीटरपासून मेनपर्यंतच्या वायरी जिवंतच असतात, त्यामुळे त्या पेटीला हात लावू नये, आणि मीटरचे सील तर कधीच तोडू नये. वायरिंगचे प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि काम संपल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा.

माळ्यावर आढ्यालगत, वाशांवर आणि तुळईवर लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेल्या वायरी दिसतील. त्यांतल्या काहींचे आवरण रबराचे आणि त्यावर कापडी विणीचे असते. वर्षानुवर्षे चुलीचा धूर आणि कौलांखालची उष्णता सोसून हे रबर ठिसूळ झालेले असते आणि वायर थोडी वाकवली तरी त्याचे तुकडे पडतात. अशा वायरीला ठिगळ लावण्यात अर्थ नाही. ती समूळ काढावी. पट्टी वाळवीने पोखरलेली आहे का, उंदरांनी वायर कुरतडली आहे का, जुनी ॲल्युमिनियमची वायर पुढे तांब्याच्या वायरीला नुसती पीळ देऊन जोडली आहे का, हेही पाहावे. असा ॲल्युमिनियम-तांब्याचा जोड दमट हवेत गंजतो, सैल होतो आणि तापतो. समुद्राजवळच्या गावांत खारट वाऱ्याने पितळी स्क्रूंवर हिरवा थर चढलेला आढळतो. ज्या बोर्डावर तो दिसतो किंवा ज्याच्याभोवती तपकिरी डाग, जळका वास, बारीक करकर जाणवते, त्याचा वापर त्याच दिवशी थांबवावा.

चार जुन्या दोषांची खास चौकशी वायरमनकडे करावी, कारण ते वरून दिसत नाहीत. पहिला म्हणजे न्यूट्रलमध्येही बसवलेला फ्यूज. पूर्वी फेज आणि न्यूट्रल अशा दोहोंना किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे, फ्यूज लावण्याची पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवा विझतो, वीज गेल्यासारखी वाटते, पण होल्डरपर्यंत फेज तसाच असतो. दुसरा दोष स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवल्याचा, परिणाम तोच. तिसरा दोष आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर असण्याचा संभव आहे. जुन्या काळी घराचे अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेले असे, आणि पुढे नळयोजनेच्या किंवा घरातल्या दुरुस्तीत तो पाइप पीव्हीसीचा झाला. अर्थची हिरवी तार बोर्डापासून पाइपापर्यंत व्यवस्थित दिसते, पण तिथून पुढे जमिनीशी तिचा काहीही संबंध उरलेला नसतो. चौथा दोष सर्वांत घातक. थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थऐवजी न्यूट्रलचाच तुकडा जोडून ‘अर्थ दिला’ असे दाखवलेले असते. न्यूट्रल कुठे तुटला, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाचे अंग जिवंत होते.

वायरिंगच्या आवरणाची तपासणी ५०० व्होल्टांच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, होते आणि आकडा १ मेगाओहमपेक्षा कमी येऊ नये. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला किंवा लागला नाही, यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

अर्थिंग कुठे आणि कसे

पुष्कळ वायरमन अर्थिंग तपासताना फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवतात आणि तो चांगला पेटला की अर्थिंग उत्तम असल्याचे सांगतात. या परीक्षेवर विसंबू नये. पेटलेल्या १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो, त्यामुळे त्याच्यापुढे अर्थिंगचा ५० ओहम रोध आला तरी बल्बला २१० व्होल्टांच्या आसपास मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. अर्थ टेस्टर नावाचे यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाकडूनच मोजणी करावी आणि आकडा लिहून ठेवावा.

जागेची निवड हे कोकणात निम्मे काम आहे. घराच्या पुढल्या अंगणात कातळ फोडून खड्डा करण्यापेक्षा परसात जिथे माती खोल आहे आणि ओल टिकते, म्हणजे माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्याजवळ, न्हाणीचे पाणी मुरते त्या बाजूला, अशी जागा शोधावी. ती भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावी. पाइप अर्थिंगसाठी सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला पाइप उभा पुरतात. कातळामुळे इतके खोल जाता येत नसेल, तर एकाच जागी हट्ट न धरता दोन किंवा तीन पाइप पुरेसे अंतर राखून पुरावेत आणि एकमेकांना जोडावेत. समांतर जोडणीने रोध उतरतो. पाइपाभोवती मीठ आणि कोळसा भरण्याची रीत जुनी आहे. मिठाने रोध कमी होतो हे खरे, पण पावसाळ्यात मीठ धुऊन जाते आणि राहते तोवर लोखंड खाते. शिवाय विहीर जवळ असेल तर ते पाण्यात उतरण्याची शक्यता असते. त्यापेक्षा ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरावी, असे माझे मत आहे. वर विटांचा किंवा चिऱ्याचा छोटा हौद आणि झाकण करावे, म्हणजे जोडणी दिसते आणि मार्चपासून जूनपर्यंत अधूनमधून त्यात पाणी ओतता येते. अर्थिंगच्या कामासाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. कंत्राटदाराला त्यानुसार काम करून मागावे.

घरातल्या प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची हिरवी तार गेलीच पाहिजे. बाहेर उत्तम खड्डा आणि आत तारच नाही, अशी घरे थोडी नाहीत.

आरसीसीबी वारंवार पडतो तेव्हा

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्या पावसात तो पडू लागतो. रात्री दोन वाजता, पागोळ्या गळत असताना, अख्खे घर अंधारात जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी सुचवतो की हा स्विच खराब आहे, त्याला वगळून थेट जोडणी करू. हा सल्ला कधीही मानू नये. बहुतेक वेळा तो स्विच आपले काम चोख करत असतो आणि ओल्या भिंतीतून, भिजलेल्या होल्डरातून किंवा पंपाच्या केबलमधून खरोखर गळती होत असते.

दोष शोधण्याची रीत अशी. कोरड्या जागेवर उभे राहून सर्व एमसीबी बंद करावेत, आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्याच्यासरशी आरसीसीबी पडतो, त्या शाखेत दोष आहे. ती शाखा बंद ठेवून बाकीचे घर चालवावे आणि वायरमनला ती दाखवावी. सर्व एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर गोंधळून जाऊ नये. साधा एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबी पडतो. अशा वेळी सर्व प्लग उपटून पाहावेत. तरीही पडत असेल तर दोष वायरिंगमध्येच आहे. दोन शाखांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असले तरीही हाच अनुभव येतो.

पैसे थोडे जास्त घालता आले, तर घरासाठी एकच आरसीसीबी ठेवण्याऐवजी शाखांना वेगवेगळे आरसीबीओ लावावेत. आरसीबीओमध्ये एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. विहिरीवरचा पंप, न्हाणीघर आणि बाहेरचे दिवे यांना स्वतंत्र आरसीबीओ दिला की पंपाच्या गळतीने फ्रिज बंद पडत नाही, आणि म्हणून कोणाला तो काढून टाकण्याचा मोहही होत नाही. इन्व्हर्टर एसी आणि नव्या धुलाई यंत्रांच्या शाखांना ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी किंवा आरसीबीओ मागावा; त्यांच्या साध्या ‘एसी’ प्रकाराला त्यांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांची गळती नीट ओळखता येईलच असे नाही. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते; ते महिन्यातून एकदा दाबावे आणि दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो बदलावा. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला गेला तर आरसीसीबीला गळती दिसत नाही आणि तो पडत नाही.

वायरी, बोर्ड आणि भार

नव्या वायरी आयएस ६९४ची खूण असलेल्या तांब्याच्याच घ्याव्यात: दिवे-पंख्यांना दीड, साध्या सॉकेटांना अडीच आणि गीझर किंवा एसीला स्वतंत्र शाखा करून चार चौरस मिलिमीटर. दोन हजार वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो आणि तीन हजार वॉटचा तात्काळ गीझर १३. इंडक्शन शेगडीही दोन हजार वॉटपर्यंत जाते. सुटीत घर भरले की हे सारे एकाच सकाळी चालू होते, म्हणून भार वाढवण्याआधी मंजूर भार महावितरणकडून वाढवून घ्यावा. एमसीबीचा आकडा वायरीला शोभेल असाच असावा. सारखा पडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३२चा बसवणे म्हणजे वायरीलाच फ्यूज करणे होय.

चिऱ्याच्या भिंतीत झिरी मारून वायरिंग लपवू नये, असे मी ठामपणे सांगेन. जांभा पाणी शोषतो, पश्चिमेची भिंत चार महिने ओली असते, आणि मातीने बांधलेल्या जुन्या भिंतीला झिरी मारल्याने ती कमकुवतही होते. भिंतीवरून नेलेला पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकणाची पट्टी, दिसायला थोडे कमी, पण दोष सापडायला आणि दुरुस्तीला फार सोयीचे. माळ्यावर उंदीर असतातच, तिथे जाड पाइपच घालावा. बोर्डाच्या पेट्या लोखंडी नकोत, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, आणि पडवीतले किंवा खळ्यातले सॉकेट झाकणाचे, धूळ-पाणी आत न येऊ देणाऱ्या आयपी ६५ दर्जाचे असावेत. चतुर्थीला माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या पानाफळांच्या चौकटीला, रोषणाईच्या माळा गुंडाळल्या जातात, खाली समई तेवत असते आणि वर ओली पाने-फळे लटकत असतात. त्या माळांचा प्लग आरसीसीबी असलेल्या शाखेवरच असावा आणि रात्री निजताना काढावा.

घराबाहेर

कपडे वाळत घालायला लोखंडी तार वापरू नये. पडवीच्या खांबापासून माडापर्यंत ओढलेली ती तार कधी खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या आधाराच्या तारेला टेकते, कधी एखाद्या दिव्याच्या झिजलेल्या वायरीला, आणि ओले कपडे घालणाऱ्याचा त्यात जीव जातो. नायलॉनची दोरी लावायला आजचा दिवसही पुरेसा आहे. अंगणावर पत्र्याची शेड घातली असेल तर सर्व्हिस वायर पत्र्याला घासत नाही ना, हे पाहावे आणि शेडच्या लोखंडी सांगाड्याला अर्थ जोडून घ्यावा. आंब्याफणसाची फांदी लाइनीवर आली असेल तर ती स्वतः तोडू नये. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

पंपाच्या स्टार्टरला आणि पंपाच्या अंगाला वेगळी अर्थ तार द्यावी, केबलला पाण्यात किंवा जमिनीवर जोड ठेवू नये, आणि पंप वर ओढताना मेन बंद असल्याची खात्री करावी. रानडुकरांपासून बाग राखण्यासाठी कुंपणात घरची वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. या बाबतीत कोणतीही सबब ग्राह्य नाही.

वादळ, वीज आणि जनरेटर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेले. अशा काळात जनरेटर येतात आणि काही ठिकाणी ते दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीने घराच्या सॉकेटात खोचले जातात. ती वीज उलटी लाइनीवर चढते, रोहित्रातून तिचा दाब कित्येक पटींनी वाढतो आणि तुटलेल्या तारा जोडायला आलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. जनरेटर चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचमधूनच, जोडावा.

वीज परत आल्यावर काही दिवे मंद आणि काही भलतेच प्रखर लागत असतील, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता धरावी आणि मेन तत्काळ बंद करावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधी टीव्ही, राउटर, फ्रिज यांचे प्लग काढावेत. डिशची केबलही काढावी. मुख्य पेटीत सर्ज रोखणारे एसपीडी बसवता येते, परंतु तेही चांगल्या अर्थिंगशिवाय निरुपयोगी असते.

बंद घर उघडताना

वर्षातले आठ-दहा महिने बंद असलेले घर उघडताना आल्याआल्या मेन चढवू नये. आधी उजेडात माळा, मीटरची जागा आणि प्रत्येक बोर्ड पाहावा. पालींनी, मुंग्यांनी किंवा कुंभारीण माशीने बोर्डात घर केलेले असते, कौल सरकून वायरीवर पाणी उतरलेले असते. सर्व एमसीबी खाली ठेवून मेन, मग आरसीसीबी चालू करावा, त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे, आणि मग एकेक शाखा, प्रत्येकीनंतर थोडे थांबून. गीझर चालू करण्याआधी नळाला पाणी येते का, ते पाहावे. पंप सर्वांत शेवटी. घर बंद करून निघताना प्लग काढावेत, एमसीबी आणि मेन खाली करावेत, इन्व्हर्टरची बॅटरी सोडवावी, आणि शेजारी ज्यांच्याकडे किल्ली ठेवतो त्यांना मेन कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे एकदा हाताने दाखवून ठेवावे.